महाडच्या अध्यक्षीय भाषणाचे सामर्थ्य

दि. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले अध्यक्षीय भाषण हे नागरी हक्कांच्या इतिहासातील युगप्रवर्तक भाषण होय. त्याच दिवशी झालेल्या मनुस्मृतिदहनामुळे त्याकडे अभ्यासकांचे व्हावे तेवढे लक्ष गेले नाही, असे आम्हांस वाटते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तथापि हा हक्क कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्यांनी तो बजावला, तेव्हा परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. मार खाल्लेल्या या समाजापुढे संताप चेतविणे सोपे होते.

बाबासाहेबांनी प्रथम कारणमीमांसा केली. ज्या तळ्यावर अन्यधर्मीयांस, इतकेच नव्हे तर जनावरांसही मज्जाव नाही, तेथे अस्पृश्यांसच बंदी का? पाणी विटाळेल हे खरे कारण नव्हे. त्यांना पाणी भरू दिल्यास त्यांची समानता मान्य करावी लागेल, हे खरे कारण. म्हणून तळ्यावर जावयाचे ते तहान भागविण्यासाठी नव्हे, तर माणुसकीचा हक्क प्रस्थापित करण्यासाठी. पुढे त्यांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या व्हर्साय येथील फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. कोकणच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या कष्टकऱ्यांस आपण मानवी समतेच्या जागतिक लढ्याचे वारसदार आहोत, ही जाणीव त्यामुळे झाली. रूढी वा ग्रंथप्रामाण्य न मानता स्वतः पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांस केलेला उपदेश येथे सहज आठवतो.

या भाषणाची कसोटी दोनच दिवसांत लागली. दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. सत्याग्रहास सिद्ध झालेल्या हजारोंनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून २७ डिसेंबर रोजी सत्याग्रह तहकूब केला, तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक काढली आणि पाण्यास न शिवता ते परतले. केवळ भावनेने भारलेला जमाव असा थांबत नाही. आपला लढा घोटभर पाण्याचा नसून हक्काचा आहे, हे पटल्यामुळेच त्यांना थांबता आले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.