निकालपत्रांतली जुनी मिल

भारतीय राज्यघटना शिकणाऱ्यांच्या वाचनात सोलापूरची एक गिरणी हटकून येते. चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार, निकाल ४ डिसेंबर १९५०. आणि द्वारकादास श्रीनिवास विरुद्ध सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, निकाल १८ डिसेंबर १९५३. सोलापूरकर या गिरणीला ‘जुनी मिल’ म्हणतात. वकिलांना या निकालांतलं तत्त्व हवं असतं, आणि गावाला गिरणीच्या आठवणी. पण ऑगस्ट १९४९ मध्ये गिरणी कशी बंद पडली, याचा भरवशाचा सांगाडा या निकालपत्रांच्या आरंभीच्या परिच्छेदांत आहे. न्यायमूर्ती कायद्याच्या मुद्द्याला हात घालण्याआधी हकिगत सांगतात, आणि ती सांगताना तारखा देतात. वकिलाच्या दृष्टीने ती प्रस्तावना असते. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला तीच तर हवी असते.

मोरारजी गोकुळदास यांनी उभारलेली ही सोलापुरातली पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. रेल्वे आधीच आली होती, आणि भोवतालचा मुलूख तेव्हा दुष्काळाने होरपळत होता. १८८४ चं सोलापूर गॅझेटियर छापून झालं तेव्हा गिरणीचं वय जेमतेम सात वर्षं. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्या आल्या, आणि पहिली ती ‘जुनी’ झाली. १९३० च्या मार्शल लॉवर आणि चार हुतात्म्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. १९४९ च्या टाळेबंद गेटाच्या वाट्याला त्याच्या पासंगालाही पुरेल इतकं लेखन आलेलं नाही.

आता निकालपत्रांतल्या तारखा क्रमाने मांडू. २७ जुलै १९४९ ला संचालकांनी कामगारांना नोटीस दिली. महिनाभराने, २७ ऑगस्टला, गिरणी बंद झाली. ९ जानेवारी १९५० ला गव्हर्नर जनरलनी केवळ या एका कंपनीसाठी वटहुकूम काढला. म्हणजे तोवर गेट साडेचार महिने बंद होतं. वटहुकूम निघाला तेव्हा राज्यघटना अंमलात यायला सतरा दिवस उरले होते. एप्रिलमध्ये वटहुकमाच्या जागी संसदेचा कायदा आला. जुने संचालक गेले, मॅनेजिंग एजंटांचा करार संपला, सरकारने आपले संचालक नेमले. भागधारकांना संचालक निवडण्याचा अधिकार उरला नाही, आणि त्यांच्या ठरावांनाही सरकारच्या मंजुरीवाचून किंमत राहिली नाही.

इथे कागद काळजीपूर्वक वाचावा लागतो. गिरणी का बंद पडली याची दोन उत्तरं मिळतात. वटहुकमाची प्रस्तावना गैरव्यवस्था आणि हयगय यांना दोष देते. निकालपत्रातली हकिगत मात्र साठलेला माल आणि खेळत्या भांडवलाची टंचाई ही कारणं सांगते. पहिलं उत्तर सरकारचं आहे. कंपनी ताब्यात घ्यायची तर दोष कंपनीच्या कारभारात दाखवणं सरकारला भागच होतं. गैरव्यवस्था खरोखर झाली का, याचा साक्षीपुरावा घेऊन निवाडा करण्यासाठी सर्वोच्च न्यायालय बसलं नव्हतं. त्याच्यापुढे प्रश्न होता तो हा कायदा राज्यघटनेतल्या हक्कांविरुद्ध जातो का, एवढाच. म्हणून ‘न्यायालयाने गैरव्यवस्था सिद्ध मानली’ असं लिहिणं चूक ठरेल. दुसऱ्या बाजूने, फाळणीनंतर कापसाचा पुरवठा विस्कटला होता, कापडधंदा अडचणीत होता, म्हणून संचालक निर्दोष, असंही म्हणता येत नाही. बाजार पडलेला असताना कारभारही वाईट असू शकतो. इतिहासलेखकाने दोन्ही उत्तरं त्यांच्या धन्यांच्या नावानिशी नोंदवावीत.

पहिल्या खटल्यात भागधारकाचं म्हणणं होतं की एकाच कंपनीला वेगळं काढणं समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. बहुमताने ते फेटाळलं गेलं. इतर कंपन्याही याच अवस्थेत होत्या हे दाखवण्याचा भार त्याच्यावर होता, आणि तो त्याने पेलला नव्हता. न्यायमूर्ती पतंजली शास्त्री आणि सुधिरंजन दास यांनी भिन्नमत नोंदवलं. गावाच्या इतिहासासाठी मला हे भिन्नमत महत्त्वाचं वाटतं, कारण इतर गिरण्यांचं काय, हा प्रश्न त्याने जिवंत ठेवला.

दुसरा खटला पैशाचा. कंपनीचे शंभर रुपयांचे ३२,००० प्रेफरन्स शेअर होते आणि त्यांवर निम्मीच रक्कम भरलेली होती. उरलेल्या पन्नास रुपयांची मागणी सरकारनियुक्त संचालकांनी केली. हिशेब केला तर सोळा लाख होतात. कंपनीचं तोवरचं सगळं भरलेलं भांडवल बत्तीस लाख होतं, म्हणजे मागणी त्याच्या निम्मी. भागधारक न्यायालयात गेला आणि अखेर जिंकला. कंपनी अशी ताब्यात घेणं म्हणजे नुकसानभरपाई न देता मालमत्ता काढून घेतल्यासारखंच आहे, असं न्यायालय म्हणालं. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते त्यांत हाही होता. त्या दुरुस्तीने कलम ३१-अ मध्ये भर घातली: सार्वजनिक हितासाठी किंवा नीट कारभारासाठी एखाद्या मालमत्तेचं व्यवस्थापन सरकारने मुदतीपुरतं हाती घेतलं, तर केवळ तेवढ्यावरून कायदा रद्द होणार नाही. जुन्या मिलचं प्रकरण आठवत हे वाचलं की शब्दाशब्दाचा उगम कळतो.

या सगळ्यात कामगार कुठे आहे? वटहुकमाच्या प्रस्तावनेत तो आहे, पण ‘समाजाच्या एका विशिष्ट वर्गात गंभीर बेकारी’ एवढ्याच रूपात. खटले भागधारकांचे होते, त्यामुळे साचेवाला, बॉबिन भरणारी बाई, बदली कामगार यांना तिथे पक्षकार म्हणून जागा नव्हती. त्यांच्यासाठी वेगळे कागद काढावे लागतात. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचं लेबर गॅझेट १९२१ पासून निघू लागलं. १९२५ मध्ये याच ऑफिसने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, आणि पुढे १९२७-२८ हे वर्ष पायाभूत धरून सोलापूरचा राहणीखर्चाचा निर्देशांक सुरू झाला. सोलापूरच्या गिरण्या कामगारांना स्वस्त दराने धान्य देत, ही त्या काळची खास रीत. तेव्हा तिथल्या पगाराचा नुसता रोख आकडा मुंबईच्या आकड्याशेजारी ठेवणं फसवं आहे. पण १९२५ ची रीत सरळ १९४९ वर लादणंही तितकंच फसवं. मधे महायुद्ध झालं, रेशनिंग आलं.

सेटलमेंटचे कागद तर आणखी जपून वाचायचे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सेटलमेंटच्या कुंपणात वसवलेल्या लोकांतून गिरण्यांना माणसं मिळत. त्या दप्तरात माणसाच्या कामाच्या नोंदी भरपूर सापडतात, कारण त्याच्यावर पाळत होती. गैरहजेरी तिथे गुन्ह्याच्या भाषेत लिहिलेली असते. ती भाषा जशीच्या तशी आपल्या लेखात उतरली, तर त्या माणसांवर तोच शिक्का दुसऱ्यांदा बसतो. नोंदीतला दिवस, खातं आणि मजुरी घ्यावी. तिच्यावरचा शेरा मात्र ज्याने लिहिला त्याच्याच नावावर ठेवावा.

एवढं झाल्यावर उरतात ती घरांतली कागदपत्रं. गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, सावकाराकडच्या गहाणाची नोंद. त्यांवरच्या तारखा २७ जुलै १९४९ ते ९ जानेवारी १९५० या पट्ट्यावर मांडाव्यात. पट्ट्याच्या एका कडेला संचालकांची नोटीस आहे आणि दुसऱ्या कडेला वटहुकूम. गहाणाची नोंद २७ ऑगस्टच्या आधीची की नंतरची, हे कळलं तरी त्या घराने गिरणी बंद व्हायच्या आधीच कर्ज काढलं होतं की नंतर, एवढं ठरवता येतं. एका मोहल्ल्यातली वीस-पंचवीस घरं अशी जुळवली, तर ‘एका विशिष्ट वर्गात’ या शब्दांत कोण कोण होतं ते नावानिशी लिहिता येईल.