लोखंडी अंगठी आणि पंचाहत्तर माणसे

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला नीती शिकवावी की नाही, याबद्दल आता फारसे दुमत उरलेले नाही. वाद आहे तो ती कोणती शिकवावी आणि कोणाच्या बाजूला उभे राहून शिकवावी, एवढ्यापुरता. या वादाचा निकाल पोथीपेक्षा इतिहासात लवकर सापडेल असे आम्हाला वाटते. म्हणून आज आम्ही श्रोत्यांना कॅनडात नेणार आहोत. इंजिनिअराला नीतीची दीक्षा देणारा विधी त्या देशात १९२५ साली सुरू झाला, आणि नीतीच्या जोडीला समता हा शब्द तिथल्या अभ्यासक्रमाच्या कसोटीत २००८ साली आला. मध्ये ८३ वर्षे गेली. ती का जावी लागली, हा आमचा विषय.

क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेचा एक प्रचंड पूल उभा राहत होता. दोन्ही बाजूंच्या खांबांवरून पोलादी हात पुढे काढीत न्यायचे आणि मध्यभागी सांधायचे, अशा कँटिलिव्हर जातीचा हा पूल. मधला गाळा आधी १,६०० फुटांचा ठरला होता. खांब उथळ पाण्यात घेता यावेत म्हणून १९०० साली तो १,८०० फुटांचा केला. सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये बसत. पूलबांधणीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. सरकारी खात्याने आपल्या माणसाकडून आराखडे तपासून घ्यावेत, ही सूचना त्यांना रुचली नाही आणि ती बारगळली. गाळा वाढला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळीच नव्याने मांडला गेला नाही. चूक ध्यानात आली तेव्हा पुष्कळ काम होऊन चुकले होते. पोलादावर ठरल्यापेक्षा ७ ते १० टक्के जास्त ताण पडेल, तेवढा चालेल, असे म्हणून गाडा पुढे ढकलला.

१९०७ च्या उन्हाळ्यात पोलादाने तक्रार सुरू केली. सांधायच्या भागांची रिव्हेटची भोके एकमेकांसमोर येईनात. ऑगस्टमध्ये खालच्या अंगाचे, दाब सोसणारे दांडे वाकलेले दिसू लागले. जागेवरचा तरुण इंजिनिअर नॉर्मन मॅक्ल्युअर कूपरना पत्रे लिहीत होता. कंपनीचे म्हणणे असे, की दांडा कारखान्यातूनच वाकडा आला असावा. पत्रापत्रीत आठवडे गेले. २७ ऑगस्टला मोजमाप घेतले तेव्हा एका दांड्याचा बाक, आठवडाभरापूर्वी जो पाऊण इंच होता, तो दोन इंचांच्या वर गेला होता. काम थांबवावे असे एकदा मनात आले. पण थांबवले तर लोकांच्या मनावर वाईट परिणाम होईल, माणसे निघून जातील, हंगाम वाया जाईल, अशी कारणे देऊन ते चालू ठेवले. मॅक्ल्युअर स्वतः न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला दुपारी कूपरनी तार केली, की विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार घालू नका. तार पुलावर गेली नाही. पेनसिल्व्हानियातल्या कंपनीच्या कचेरीत गेली. तिथे ठरले, की उद्या सकाळी पाहू. त्याच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, सुटी व्हायच्या बेतात, दक्षिणेकडचा सारा सांगाडा सुमारे पंधरा सेकंदांत कोसळला. पुलावर ८६ माणसे होती. त्यांतली ७५ मेली. मेलेल्यांत ३३ जण माँट्रिअलजवळच्या कानावाके या मोहॉक आदिवासींच्या वसाहतीतले होते.

श्रोतेहो, या हकिगतीतली एक गोष्ट आम्हाला विसरता येत नाही. काम चालू ठेवताना लोकांच्या मनाचा विचार झाला, पण त्या लोकांना मत नव्हते. ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. भोके जुळत नाहीत हे सर्वांत आधी ज्या हातांना कळते, ते हात रिव्हेट मारणाऱ्याचे. त्या हातांपासून निर्णयाच्या टेबलापर्यंत रस्ताच बांधलेला नव्हता. पुढे कानावाकेतल्या बायकांनी आग्रह धरला, असे सांगतात, की गावच्या सगळ्या पुरुषांनी एकाच कामावर जाऊ नये. वेगवेगळ्या पुलांवर, वेगवेगळ्या इमारतींवर पांगावे. जोखमीचा हा हिशेब कॉलेजाबाहेर मांडला गेला आणि तो अचूक होता. गावच्या स्मशानात त्या माणसांच्या स्मरणार्थ पोलादी तुळ्यांचे क्रूस उभे केले गेले.

सरकारने तिघांचा चौकशी आयोग नेमला. त्यांत टोरांटो विद्यापीठातल्या इंजिनिअरिंग शाखेचे प्रमुख जॉन गॅलब्रेथ होते. १९०८ च्या अहवालाने कूपर आणि कंपनीचे आराखडाकार पीटर झ्लाप्का यांच्या निर्णयशक्तीला दोष दिला. नव्या आराखड्याने पुन्हा काम सुरू झाले. ११ सप्टेंबर १९१६ रोजी मधला गाळा वर चढवताना निसटला आणि आणखी १३ माणसे गेली. १९१७ साली पूल पुरा झाला. कँटिलिव्हर पुलांत त्याचा गाळा आजही जगात सर्वांत लांब आहे.

१९२२ साली माँट्रिअलच्या एका सभेत टोरांटोचे खाणशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट हॉल्टेन यांनी विचार मांडला, की वैद्यांना जशी शपथ आहे तशी तरुण इंजिनिअरांनाही असावी. तिचा मजकूर लिहिण्याची विनंती त्यांनी रुडयार्ड किपलिंगला केली. हे किपलिंग म्हणजे १८६५ साली मुंबईत जन्मलेले. त्यांचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवीत. २५ एप्रिल १९२५ रोजी माँट्रिअलला पहिला विधी झाला. निकृष्ट काम आणि सदोष माल आपल्या हातून पुढे जाऊ देणार नाही असे वचन द्यायचे, आणि ज्या हाताने काम करायचे त्याच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालायची. अंगठी पडलेल्या पुलाच्या लोखंडाची आहे, अशी दंतकथा विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ती खरी नाही. पहिल्या अंगठ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी टोरांटोच्या इस्पितळात घडवल्या होत्या. पण दंतकथा खोटी असली तरी विद्यार्थ्यांची खूण खरी होती: नीतीचा धडा पडलेल्या पुलापासून सुरू होतो.

हा विधी थोर आहे. तरीही त्यात एक उणीव राहिली. वचन द्यायचे ते इंजिनिअरांनी, इंजिनिअरांसमोर, बंद दाराआड. आपल्या कलेला बट्टा लागू नये ही नीती त्यात होती; ज्याच्या डोक्यावर काम उभे राहते त्याचे ऐकावे ही नव्हती. त्या काळची रीतच तशी. अमेरिकेतल्या विद्युत इंजिनिअरांच्या संस्थेने १९१२ साली नीतिनियम केले, तेव्हा मालकाच्या हिताचे रक्षण हे पहिले कर्तव्य सांगितले. जनतेची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण सर्वांच्या वर, असे अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या व्यावसायिक मंडळाने १९७४ साली लिहिले.

दुसरी उणीव घरातली. विधीत वाचली गेलेली किपलिंगची कविता इंजिनिअरांना मार्थाचे पुत्र मानते. कन्यांचा विचार तिथे नाही. विधी सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, १९२७ साली, एल्सी मॅकगिल ही बाई टोरांटोहून विद्युत इंजिनिअर होऊन बाहेर पडली, तरी मुलींना तिथे परके मानणे संपले नाही. ६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रिअलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका बंदूकधाऱ्याने वर्गातल्या मुली वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी चौदा स्त्रिया मेल्या. त्यांतल्या बारा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनी होत्या. एका माथेफिरूचे कृत्य म्हणून ते बाजूला ठेवता आले असते. पुष्कळांनी ते ठेवले नाही. या वर्गात कोणाला जागा आहे, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. २००८ साली तिथल्या मान्यता मंडळाने पदवीधराच्या अंगी हवेत असे बारा गुण ठरवले, त्यांत नीती आणि समता हा एकच गुण म्हणून एकत्र लिहिला.

काही इंजिनिअर मित्र आम्हाला विचारतात, की तुळईच्या हिशेबात समतेचा काय संबंध? क्वेबेकचा पूल हेच त्याचे उत्तर. धोक्याची खबर खालून वर जाते. खालच्याचा शब्द हलका मानला, तो मजूर म्हणून, आदिवासी म्हणून किंवा बाई म्हणून, तर खबर वाटेतच मरते आणि मग हिशेब कितीही बारीक असला तरी तो अपुऱ्या माहितीवरचा हिशेब ठरतो. समता ही दयेपोटी द्यायची देणगी नव्हे. ती सुरक्षिततेच्या यंत्रातला एक भाग आहे.

आपला देश २०१४ साली इंजिनिअरिंग पदव्यांच्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद झाला. त्या कराराच्या चौकटीतही नीती हा पदवीधराचा गुण धरला जातो. तेव्हा आपल्या कॉलेजांतही हा विषय शिकवला जाणारच. तो चार व्याख्यानांत उरकून सुविचारांची वही भरून घेतली, तर काही साधणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक आराखड्याखाली विद्यार्थ्याला तीन प्रश्नांची उत्तरे लिहायला लावावीत: याच्याखाली कोण उभे राहणार? धोका आधी कोणाला दिसणार? आणि काम थांबवा म्हणण्याचा हक्क त्याला आहे का? तिसऱ्या उत्तराच्या जागी ‘नाही’ असेल, तर तो आराखडा अजून पुरा झालेला नाही, असे समजून मास्तरांनी तो परत करावा.