न उडालेल्या यानांच्या प्रतिकृती

आगगाडीची किंवा जहाजाची प्रतिकृती करणाऱ्या कारागिरासमोर मूळ वस्तू असते, त्यामुळे चूक झाली तर ताडून पाहता येते. कल्पनेतल्या यानाला असे मूळ नसते. त्याची प्रतिकृती खरी वाटते की नुसतीच देखणी, हे वजन, बळ, उष्णता आणि इंधन यांच्या हिशेबावर ठरते. विज्ञानकथांतल्या अंतराळयानांचे सुटे प्लॅस्टिकचे भाग डब्यात घालून विकण्याचा धंदा अमेरिकेत आणि जपानमध्ये वाढला. पण कल्पनेतले यान आधी छोट्या आकारात उतरवून पाहावे, हा प्रयत्न मुंबईत त्याच्या कितीतरी आधी झाला होता.

शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४ सालचा. ते मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातले, आणि संस्कृत ग्रंथांतल्या विमानवर्णनांचा त्यांना ध्यास होता. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे माणूस नसलेले यान उडवले आणि ते सुमारे १५०० फूट उंच गेले, असे सांगितले जाते. त्या वेळी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर होते, असेही सांगतात. राइट बंधूंचे उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चे, म्हणून ही हकिकत अभिमानाने पुन्हा पुन्हा सांगितली जाते. मात्र तिला त्या काळातला पक्का लेखी पुरावा मिळालेला नाही. तळपदे यांची जिज्ञासा आणि मेहनत खरी होती. तिचा मान राखायचा तर तिच्यावर न घडलेल्या पराक्रमाचे ओझे टाकू नये.

लहान यान उडाले असे मानले, तरी त्यावरून मोठे विमान सिद्ध होत नाही. प्रतिकृतीची प्रत्येक बाजू दहापट केली की पंखांचे क्षेत्रफळ शंभरपट होते, आणि त्याच सामानाने बांधले तर वजन मात्र हजारपट. म्हणजे पंखाच्या दर चौरस फुटावर दहापट भार येतो आणि तो पेलायला वेग तिपटीहून थोडा जास्त लागतो. कागदी विमान घरभर तरंगते, पण त्याच मापाचे पत्र्याचे विमान लगेच खाली पडते, यामागेही पंखावरच्या भाराचाच हिशेब आहे.

तळपदे यांचे नाव ‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ग्रंथाशीही जोडलेले आहे. पंडित सुब्बराय शास्त्री (१८६६–१९४०) यांनी १९१८ ते १९२३ या काळात तो तोंडी सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला. यानांची चित्रे बंगळूरच्या एल्लप्पा नावाच्या आरेखकाने काढली. एल्लप्पा एका स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयात नोकरीला होते. ग्रंथ हिंदीत १९५९ मध्ये आणि जी. आर. जोस्यर यांच्या इंग्रजी भाषांतरासह १९७३ मध्ये छापला गेला. त्यात शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर अशी चार विमाने तपशिलाने दिली आहेत. शकुन पक्ष्यासारखे, पंख आणि शेपूट असलेले. त्रिपुर जमिनीवर, पाण्यात आणि हवेत चालणारे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली या ग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली. एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभू आणि एस. पी. गोविंदराजू ही त्यांची नावे. त्यांनी आधी भाषा तपासली. श्लोक साध्या, अलीकडच्या संस्कृतात आहेत, वैदिक नाहीत, आणि ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी काही प्रतिकृती बनवल्या, पण त्यांतली एकही उडाली नाही, ही नोंदही याच अभ्यासात आहे.

मग चित्रांची पारख झाली. आकृत्यांत त्या काळच्या यंत्रसामग्रीची छाप स्पष्ट दिसते. शकुन विमानाच्या भागांत तेलाची टाकी, वाफेचा बंब, हवा तापवणारी यंत्रे असे सगळे आहे, पण त्यांचा एकमेकांशी मेळ लागत नाही. रुक्म विमानात उभ्या नळ्या आणि माथ्यावर पंखे आहेत. हवा वरून ओढून खाली ढकलायची, ही एवढी एकच कल्पना त्यांत समजण्यासारखी आहे. बाकीच्या आकारांत उड्डाणाचा एकही गुण नाही, आणि पुढे ढकलण्यासाठी सुचवलेली साधने उड्डाणाला मदत करण्याऐवजी अडथळाच आणतील, असा अभ्यासकांचा निर्वाळा होता. सुट्या भागांची लांबलचक यादी म्हणजे आराखडा नव्हे, हा या चिकित्सेतला सर्वांत मोलाचा धडा आहे.

हीच कसोटी परदेशातल्या कल्पित यानांनाही लागते. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटासाठी फ्रेडरिक ऑर्डवे आणि हॅरी लांगे या अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमातून आलेल्या दोघांनी याने आखली. ‘डिस्कव्हरी’ यानात अणुइंजिन एका टोकाला आणि माणसांचा गोल दुसऱ्या टोकाला आहे, कारण किरणोत्सारापासून माणसे दूर हवीत. चित्रीकरणासाठी त्याची ५४ फूट लांबीची प्रतिकृती बांधली होती. उष्णता बाहेर टाकणारे पट्टे आधीच्या आराखड्यात होते. ते पंखांसारखे दिसतील म्हणून काढून टाकले, आणि तिथे दिसण्याने गणितावर मात केली. आतले फिरते चाक ३८ फूट व्यासाचे. पृथ्वीइतके वजन भासायला ते मिनिटाला सुमारे १२ वेळा फिरवावे लागेल आणि माणसाला भोवळ येईल; चंद्राइतक्या वजनाला मात्र पाच फेरे पुरतात. याच चित्रपटातल्या यानांचे किट ऑरोरा कंपनीने बाजारात आणले.

‘स्टार वॉर्स’ (१९७७) ची वाट वेगळी होती. तिथल्या कारागिरांनी रणगाडे आणि विमानांच्या तयार किटमधले भाग यानांच्या अंगावर चिकटवले. त्याने पृष्ठभाग दाट, वापरलेला आणि भव्य भासतो. पण ती याने निर्वात जागेत विमानासारखी कलून वळतात, आणि तिथे कलायला हवाच नसते. कारागिरी उत्तम असली तरी आराखडा खरा ठरत नाही.

मराठीत हा नेमकेपणा प्रतिकृतींतून आला नाही, तो कथेतून आला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. कथेतले यान कसे दिसते यापेक्षा कृष्णविवराजवळ काळ किती मंद चालेल, याला तिथे महत्त्व आहे.

प्रतिकृती मात्र शाळांत बनतात. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळीच्या शाळांतली मुले तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनांत पुठ्ठ्याची, थर्माकोलची याने मांडतात. किटच्या डब्यातली जुळणी इथे नसते, सगळे हाताने कापायचे असते. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान–३ चे ‘विक्रम’ हे यान चंद्रावर उतरल्यावर अशा मुलांना खरा नमुना मिळाला. त्याला टोकदार नाक नाही, पंख नाहीत. चौकोनी धड आणि चार पाय आहेत, कारण चंद्रावर कापायला हवा नाही. त्याचे वस्तुमान सुमारे १७५० किलो. चंद्रावर त्याचे वजन साधारण २८३५ न्यूटन भरते आणि ८०० न्यूटनची चार इंजिने मिळून ३२०० न्यूटनचा रेटा देतात, म्हणून ते तिथे तोलले जाते. पृथ्वीवर त्याच वस्तूचे वजन १७,००० न्यूटनच्या वर जाते आणि तीच इंजिने तिला उचलू शकत नाहीत. शिक्षकांनी प्रतिकृतीशेजारच्या तक्त्यावर रंगीत नावांच्या आधी हा हिशेब लिहून घ्यावा.