नाणेघाटातली सोपाऱ्याची पोढी

नाणेघाटात सातवाहनांच्या लेण्याजवळ कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्यांतल्या एका टाक्यावरच्या ब्राह्मी लेखात ते दान देणाऱ्याचं नाव गोविंददास असं आहे आणि त्याचं गाव सोपारा. टाक्याला त्या लेखात ‘पोढी’ म्हटलं आहे. आजचा नालासोपारा तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर होता. तिथे उतरलेला माल जनावरांच्या पाठीवर लादून कोकणातून घाटाच्या पायथ्याशी यायचा आणि चढण चढून जुन्नरच्या पेठेत पोचायचा. त्या चढणीवर गोविंददासाने पाण्याची सोय केली आणि स्वतःच्या नावाबरोबर गावाचंही नाव कातळावर ठेवलं. आज नालासोपारा-विरारची कॉलेजातली मुलं शनिवारी रात्री पाठीवर सॅक टाकून निघतात, पहाटे वैशाखऱ्याच्या बाजूने तोच घाट चढतात आणि रविवारी रात्री घरी येतात. सोमवारी त्यांचे आईबाप शेजाऱ्यांना मोबाइलमधले फोटो दाखवत असतात. गाव तेच, वाट तीच. दोन प्रवासांमध्ये सुमारे दोन हजार वर्षं गेली आहेत, आणि तेवढ्या काळात घराने आपल्या प्रवासी मुलाकडे पाहण्याची नजर कशी बदलली, हे वसई-विरारइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतं.

मराठीत आईबापांच्या अभिमानासाठी दोन जुने शब्दप्रयोग आहेत: पोराने नाव काढलं, आणि पोराने पांग फेडले. दोन्हींत मुलाने घराला काहीतरी आणून दिलेलं आहे, एकात कीर्ती आणि दुसऱ्यात ऋणमुक्ती. तिसरा शब्द कौतुक. तो लहान मुलाच्या पहिल्या पावलालाही चालतो, कारण त्या पावलातून घराला काही मिळावं अशी अपेक्षाच नसते. या पट्ट्यातली मुलं शतकानुशतकं दूर जात आली आणि घरंही त्यांचा अभिमान बाळगत आली. पण तो अभिमान फार काळ नाव काढण्याचा आणि पांग फेडण्याचा होता. वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी डोंगरावरून रिकाम्या हातांनी, चिखलाने भरलेल्या बुटांनी परत यावी आणि तरीही घराने कौतुक करावं, ही गोष्ट नवी आहे. माझ्या मते ती आपल्या कौटुंबिक इतिहासातली एक मोठी आणि चांगली घडामोड आहे.

जुन्या अभिमानाचा सर्वांत बोलका पुरावा ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथासंग्रहात सापडतो. त्यातल्या पूर्णाची कथा सोपाऱ्यात, म्हणजे तेव्हाच्या शूर्पारकात घडते. भव नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचे तीन थोरले मुलगे समुद्रावर व्यापाराला जातात. दासीच्या पोटी जन्मलेला धाकटा पूर्ण घरी राहून पेढी सांभाळतो. भाऊ परत आल्यावर बाप सगळ्यांच्या कमाईचा हिशोब बघतो आणि घरी राहिलेल्या पूर्णची कमाई कुणाहून कमी भरत नाही. पुढे पूर्णही दर्यावर जातो, एकामागून एक सफरी सुखरूप पार पाडतो, आणि अखेर जहाजावर भेटलेल्या श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचनं ऐकून भिक्षू होतो. कथा धर्मप्रसारासाठी रचलेली आहे, तिला इतिहास मानता येणार नाही. पण कथाकाराने बापाला काय करायला लावलं, ते पाहण्यासारखं आहे. समुद्र ओलांडून आलेल्या मुलांना भव वादळाबद्दल काही विचारत नाही, परक्या बंदरांबद्दलही नाही. तो त्यांची कमाई मोजतो. आपल्या श्रोत्यांना हे खटकणार नाही, अशी कथाकाराची खात्री असली पाहिजे.

यावर कुणी म्हणेल की शिलालेख दानाचे असतात आणि कथा उपदेशाच्या. त्यांत आईबापांच्या मनातलं कौतुक उतरणार कसं? आक्षेप रास्त आहे. घरातलं प्रेम कातळावर कोरलं जात नाही, आणि पूर्वीच्या आईला मुलाच्या प्रवासाचं नवल वाटतच नव्हतं असं म्हणणं हा मूर्खपणा ठरेल. पण इथे प्रश्न मनातल्या भावनेचा नाही. चारचौघांत कोणता अभिमान बोलून दाखवता येत होता, हा आहे. त्याचं उत्तर लेखांतून मिळतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबाचं दान सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे धर्मग्रंथांचं पठण करणाऱ्याने दिलं आहे, आणि तो स्वतःला नंदीपुत्र म्हणवतो. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईकडून आलेली नावं त्या काळी रूढ होती, तेव्हा नंदी ही त्याची आई असावी. घरदार सोडलेल्या भिक्षूने बोरघाट चढून मावळात आईचं नाव खांबावर ठेवलं. चारचौघांत मांडता येणारी गोष्ट ती हीच: मुलगा लांब गेला आणि तिथे त्याने पुण्य जोडलं, त्या पुण्याशेजारी आईचं नाव लागलं.

वसईचा सर्वांत दूर गेलेला मुलगा गोन्सालो गार्सिया. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली, त्यानंतर सुमारे बावीस-तेवीस वर्षांनी त्याचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच, असं बहुतेक चरित्रं सांगतात. जेझुइटांच्या शाळेत शिकून पंधराव्या वर्षाच्या आसपास तो त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने आत्मसात केली, काही वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं, पुढे पूर्वेकडच्या बंदरांतून व्यापार केला आणि मनिलाला फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे मनिलाहून पाद्र्यांचं शिष्टमंडळ निघालं तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालोची निवड झाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्याला पंचवीस जणांसह क्रुसावर मारण्यात आलं. १६२७ मध्ये तो धन्यवादित घोषित झाला आणि १८६२ मध्ये संत. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. आज वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, गासमध्ये त्याचं चर्च आहे, त्याचा सण दरवर्षी भक्तिभावाने होतो.

श्रद्धेच्या प्रांतात मला शिरायचं नाही. हुतात्म्याचा सन्मान हुतात्म्याचाच असतो. पण गोन्सालोच्या आयुष्याचा मोठा भाग हुतात्म्याचा नव्हता, प्रवाशाचा होता. पंधरा वर्षांचा वसईकर मुलगा महिनोन् महिने गलबतावर काढतो, संपूर्ण परकी भाषा इतकी पक्की शिकतो की राजदरबारी बोलायला त्यालाच पुढे करावं लागतं, व्यापारात हात चालवतो, तो सोडतो, नवं आयुष्य निवडतो. या भागाचं कौतुक वसईत फार कमी ऐकू येतं. मृत्यूने त्याच्या प्रवासाला अर्थ दिला आणि मग प्रवास त्या अर्थाच्या मागे दिसेनासा झाला. सोपाऱ्याच्या भवाने सोनं मोजलं, इथे पुण्य मोजलं गेलं. धर्म वेगळा आणि काळ वेगळा, पण मोजण्याची रीत तीच राहिली.

हिंदू घरांत तर समुद्रप्रवासावर शास्त्राचंच दडपण होतं. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाला पातकांत घातलं, पुढच्या निबंधकारांनी तो कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींत मोजला. किनाऱ्यावरच्या कोळी, भंडारी, खारवी यांना हा नियम पाळून जगताच आलं नसतं. तो मुख्यतः वरच्या जातींच्या घरांत चालला. जमिनीवरच्या प्रवासालाही तिथे कारण लागे. याचं सुरेख उदाहरण वसईचं नाही, रायगडातल्या वरसईचं आहे. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेला निघाले ते घरावरचं कर्ज फेडण्यासाठी, दक्षिणा मिळवण्यासाठी. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, वाचले. इतकं पाहून परतणाऱ्या माणसाने घरी काय आणलं? गंगेची कावड. ती त्यांनी खांद्यावरून कोकणात आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातलं. प्रवासाचा वृत्तांत त्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी लिहिला आणि ‘माझा प्रवास’ या नावाने तो १९०७ मध्ये छापला गेला. आज आपल्याला तो वृत्तांत अनमोल वाटतो. त्यांच्या घराला तेव्हा कावड अनमोल वाटली असणार, आणि त्या घराच्या दृष्टीने ते चूक नव्हतं.

मुलींच्या बाबतीत तर कौतुकाचा प्रश्न उभाच राहत नव्हता. कल्याणच्या जोश्यांची यमुना, म्हणजे आनंदीबाई, १८८३ मध्ये अठरा वर्षांची असताना कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाली. त्याआधी श्रीरामपूरच्या सभेत उभं राहून आपण का जातो हे तिला समजावून सांगावं लागलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, असं वचन द्यावं लागलं. तिच्यामागे नवऱ्याची जिद्द होती. लोकांनी मात्र टोमणे आणि दगड दोन्ही मारले. एखाद्या मुलीच्या बोटप्रवासाला एवढा खुलासा लागत असेल, तर निव्वळ हौसेने डोंगर चढायला निघणारी मुलगी त्या समाजाच्या कल्पनेतही बसणारी नव्हती.

मग बदल कशाने झाला? माझं उत्तर साधं आहे: महिन्याच्या पगाराने आणि आगगाडीने. १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत वसईची बागायती गावं भाजी, केळी आणि फुलं मुंबईला पाठवता पाठवता हळूहळू माणसंही पाठवू लागली. नोकरी आली तसा रविवार आला. मुलाच्या प्रत्येक हालचालीतून घर चालवण्याची गरज ज्या घरात उरली नाही, त्या घरात मुलाला वाया घालवण्याजोगा एक दिवस मिळाला. १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झालं आणि गिर्यारोहण ही इज्जतीची गोष्ट झाली. मुंबईत गिरिविहारसारख्या संस्था उभ्या राहिल्या. गो. नी. दांडेकरांनी वाचकांना गडांवर नेलं. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुलं मोठेपणी खऱ्या किल्ल्यावर जाऊ लागली आणि घरांनी ते इतिहासप्रेम म्हणून चालवून घेतलं. सुरुवातीला इथेही कारण लागतच होतं. ‘ट्रेकला जातो’ म्हणण्यापेक्षा ‘महाराजांच्या गडावर जातो’ म्हटलं की परवानगी लवकर मिळे. १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले तेव्हा मराठी घरांना नाव काढल्याचा जुना आनंदही मिळाला. वसईकरांना तर गड शोधायला लांब जावंच लागत नाही. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या विजयाने गाजलेला वसईचा किल्ला दारात आहे, अर्नाळ्याचा पाण्यात आहे, तांदुळवाडी, काळदुर्ग, कामणदुर्ग, अशेरी एका दिवसात होतात. आता हळूहळू कारणांची गरजच संपत आली आहे. मुलगी कामणदुर्गाला गेली, एवढंच पुरेसं होतं.

याविरुद्ध दोन गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की हे कौतुक नोकरदार घरांचं आहे. पाचूबंदरचा किंवा अर्नाळ्याचा कोळ्याचा मुलगा सोळाव्या वर्षी बोटीवर खलाशी म्हणून चढतो, रात्री खोल समुद्रात जाळी ओढतो, त्याच्या धाडसाचे फोटो कोण दाखवतं? जव्हार-मोखाड्याचा वारली मुलगा लाकूडफाट्यासाठी रोज डोंगर चढतो. हे खरं आहे आणि ते टोचायलाच हवं. मात्र कोळीवाड्यात अभिमान नसतो हे खरं नाही. खलाशाचा तांडेल झाला, वारा आणि पाण्याचा रंग ओळखून त्याने बोट सुखरूप बंदरात आणली, की बापाची मान उंचावते. तो अभिमान कसबाचा आहे, आणि शहरी आईबापांनी तिथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. शिवाय वाटा बंदही नाहीत. मे २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आदिवासी आश्रमशाळांतले विद्यार्थी सरकारी मोहिमेतून एव्हरेस्टवर पोचले, तेव्हा रोजच्या चढणीचीच ताकद वेगळ्या कौतुकाला पात्र ठरली.

दुसरा आक्षेप अधिक तातडीचा आहे: हे कौतुक मुलांचा जीव घेतं. वसईजवळच्या चिंचोटीच्या धबधब्यात पावसाळ्यात तरुण बुडाल्याच्या बातम्या येत राहतात, प्रशासनाला तिथे बंदी घालावी लागते. फोटोची शाबासकी मिळते म्हणून मुलं निसरड्या कड्यावर उभी राहतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चूक अभिमानाची नाही, तो कशाचा धरायचा हे न कळण्याची आहे. कोळी बाप मुलगा किती खोल गेला याची बढाई मारत नाही; वारा फिरलेला ओळखून तो परत वळला, याचं त्याला मोल असतं. पाणी चढलंय म्हणून चिंचोटीच्या वाटेवरून अर्ध्यात परतलेल्या मुलीचं घरी तेवढंच कौतुक झालं, तर बंदीच्या फलकापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. असं कौतुक करणं अवघड आहे, कारण परत फिरण्याचा फोटो नसतो. ते बोलूनच दाखवावं लागतं.

आणि रिकाम्या हाताने परतण्याचं एवढं समर्थन केल्यावर एक गोष्ट नमूद करायला हवी, ती म्हणजे या मुलांचे हात पूर्ण रिकामे नसतात. वसईच्या किल्ल्यात आणि आसपासच्या गडांवर श्रमदान करणारे तरुणांचे गट आहेत. उन्हाळ्यात ते टाक्यांत उतरतात, वर्षानुवर्षांचा गाळ, प्लॅस्टिकच्या बाटल्या, कुजलेला पाला घमेल्यांनी बाहेर काढतात, तळाचा कातळ दिसेपर्यंत. जूनमध्ये त्या टाक्यांत पुन्हा पाणी साचतं. त्या टाक्यांना हे तरुण पोढी म्हणत नाहीत.