बर्फाचा डोंगर आणि विद्यापीठाचा उंबरठा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या युनियनचा एक जुना सभासद दुसरी पाळी सुटल्यावर कचेरीत आला. लेथवर पंचवीस वर्षे काढलेला माणूस. त्याच्या मुलीला अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता आणि कोणते निवडावे ह्याचा हिशेब तिने वहीच्या पानावर दोन रकान्यांत मांडला होता. फी, वसतिगृह, प्राध्यापक, पुढची नोकरी, सगळे व्यवस्थित. पण यूटा विद्यापीठाच्या रकान्यात शेवटी एक ओळ होती : ‘स्कीइंगचे डोंगर तासाभराच्या आत.’ त्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, “भाऊ, मी घर गहाण टाकून कर्ज काढायचं, ते हिनं बर्फावर घसरावं म्हणून?”

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. मी कॉलेजाची पायरी चढलेला माणूस नव्हे. जे काही वाचले ते संपाच्या दिवसांत, नगर वाचनालयाच्या बाकावर. अडले की त्या बाकावर जाऊन बसायचे, ही सवय अजून आहे. तसा बसलो. त्या एका ओळीचा इतिहास शोधता शोधता जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून उतारावर घसरत जाणे म्हणजे स्कीइंग. त्यासाठी विद्यापीठ निवडावे ही कल्पना आपल्याला चमत्कारिक वाटते. पण अमेरिकेत ती शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर नावाच्या गावी डार्टमथ कॉलेज आहे, १७६९ साली स्थापन झालेले. तिथला हिवाळा लांबलचक. मुले खोल्यांतून शेगडीजवळ बसून दिवस काढीत. १९०९ च्या डिसेंबरात फ्रेड हॅरिस नावाच्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिले की, आपण बर्फात भटकणाऱ्यांचा एक संघ काढू या. संघ निघाला, १९११ पासून हिवाळी उत्सवही भरू लागला. १९२० साली ह्याच हॅरिसचा त्या टेकड्यांवरील स्कीइंगविषयीचा सचित्र लेख ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात आला आणि देशभरातल्या मुलांनी तो पाहिला. अर्ज इतके वाढत होते की, १९२१ पासून कॉलेजला निवडीची नवी पद्धत घालावी लागली. जो हिवाळा कॉलेजची अडचण होता, तोच त्याची जाहिरात झाला.

म्हणजे आमच्या सभासदाच्या मुलीने लिहिलेली ओळ नवी नाही. पण तिने निवडलेला डोंगर डार्टमथचा नव्हे, यूटाचा. आणि यूटाच्या डोंगराची कहाणी विद्यार्थ्यांच्या मौजेपासून सुरू होत नाही. ती सुरू होते खाणीपासून. इथे मी जरा सावरून बसलो, कारण हा माझ्या ओळखीचा मुलूख होता.

सॉल्ट लेक हे शहर १८४७ साली मॉर्मन पंथाच्या लोकांनी वसवले. तीनच वर्षांनी, १८५० साली, त्यांनी विद्यापीठ काढले. त्याचे पहिले नाव डेझरेट विद्यापीठ. पुढे पैशाअभावी ते बरीच वर्षे बंदच राहिले. १८६२ साली शहराच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, सरकारने लष्करी छावणी घातली : फोर्ट डग्लस. तिथला सेनाधिकारी पॅट्रिक कॉनर ह्याने आपल्या शिपायांना डोंगरात खनिज धुंडाळायला उत्तेजन दिले. चांदी सापडली. ऑल्टा आणि पार्क सिटी ही खाणकामगारांची गावे उभी राहिली. आणि १९०० साली विद्यापीठ आजच्या जागी आले, ती जागा ह्याच छावणीच्या जमिनीतून मिळालेली. छावणी, खाण आणि विद्यापीठ ही अशी एकाच डोंगराची लेकरे आहेत.

ऑल्टाच्या खाणींना आधार द्यायला लाकूड हवे. म्हणून उतार तोडून उघडे केले गेले. उघड्या उतारावरून हिवाळ्यात बर्फाचे लोट सुटत आणि घरेदारे गाडून टाकीत. १८७४ आणि १८८५ साली अशा हिमलोटांत ऑल्टात माणसे मेली. पार्क सिटीला १९०२ च्या जुलैत डेली-वेस्ट खाणीत स्फोट होऊन ३४ कामगार ठार झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९०४ साली, तिथल्या खाणकामगारांच्या युनियनने स्वतःचे रुग्णालय बांधले. ती इमारत आजही पार्क सिटीत उभी आहे.

आता एक गोष्ट सांगतो, जी ऐकून आपल्यातल्या गिरणीवाल्यांना आपल्या घरची आठवण होईल. १८९६ साली यूटा राज्य झाले आणि त्याच वर्षी त्याच्या विधिमंडळाने कायदा केला की, भूमिगत खाणीत आणि धातू गाळण्याच्या भट्टीवर कामगाराला दिवसाला आठ तासांहून जास्त राबवता येणार नाही. होल्डन नावाच्या खाणमालकाने हा कायदा मोडला, त्याला शिक्षा झाली, आणि तो थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे असे की, कामगार आपखुशीने जास्त तास काम करायला तयार असेल तर सरकारने मध्ये का पडावे? १८९८ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. मालक आणि कामगार हे सौदा करताना समान पायावर उभे नसतात, हे त्या निकालात मान्य झाले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. सुटी आकाशातून पडत नाही. ती मागावी लागते, तिच्यासाठी भांडावे लागते. ज्या डोंगरावर आज लोक सुटी घालवायला जातात, त्याच डोंगराच्या पोटातल्या माणसांसाठी आठ तासांची मर्यादा कायद्याने पडली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

विद्यापीठ मात्र तेव्हा ह्या झगड्यापासून दूर राहू इच्छीत होते. पण ते जमले नाही. जो हिल हा स्वीडनमध्ये जन्मलेला कामगार, युनियनची गाणी रचणारा, १९१३ च्या सुमारास पार्क सिटीच्या खाणीत कामाला होता. पुढे एका दुकानदाराच्या आणि त्याच्या मुलाच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आला आणि १९१५ च्या १९ नोव्हेंबरला सॉल्ट लेकच्या तुरुंगात त्याला गोळ्या घालून मारण्यात आले. त्याच्या अपराधाविषयी वाद अजून मिटलेला नाही. त्याच्या बाजूने उभी राहिलेली एक बाई होती, व्हर्जिनिया स्नो स्टीफन. ती ह्याच विद्यापीठात कला शिकवीत असे आणि मॉर्मन पंथाच्या एका दिवंगत अध्यक्षाची मुलगी होती. तिची विद्यापीठातली नोकरी गेली.

त्याच १९१५ साली ह्या विद्यापीठात आणखी एक वादळ उठले. चार शिक्षकांना काढण्याचे ठरल्यावर त्यांच्या बाजूने डझनाहून अधिक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. अमेरिकन प्राध्यापकांची संघटना त्याच वर्षी, जॉन ड्यूई ह्यांच्या अध्यक्षतेखाली, स्थापन झाली होती. आर्थर लव्हजॉय हे तिचे पुढारी सॉल्ट लेकला चौकशीला आले. त्या संघटनेने केलेली ही पहिली चौकशी. म्हणजे विद्वानांनाही संघटना लागते. हे वाचले तेव्हा मी वाचनालयात एकटाच हसलो.

मग खेळ कुठून आला? खाणी पडल्यावर. १९३० नंतरच्या मंदीत चांदीला भाव राहिला नाही, ऑल्टा ओस पडले. जॉर्ज वॉटसन नावाच्या खाणवाल्याने कराची थकबाकी डोक्यावर असताना शेकडो एकर जमिनीवरचा हक्क वनखात्याला देऊन टाकला. सरकारच्या रोजगार योजनेतल्या तरुणांनी तोडलेल्या उतारांवर पुन्हा झाडे लावली. नॉर्वेहून आलेला आल्फ एंगन हा स्कीपटू वनखात्यासाठी डोंगर हिंडला आणि इथे हा खेळ करता येईल असे त्याने सांगितले.

खेळाला यंत्र लागते, कारण घसरून खाली येणे सोपे, पण दर वेळी वर चढणार कोण? १९३६ साली आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे एका रेल्वे कंपनीने खुर्च्यांचा फिरता पाळणा बसवला. तो ज्याने आखला त्या जेम्स करन ह्या इंजिनिअरने पूर्वी जहाजात केळ्यांचे घड चढवण्याच्या यंत्रावर काम केले होते. घडाच्या आकड्याच्या जागी त्याने खुर्ची टांगली, एवढेच. ऑल्टाला १९३८-३९ च्या हिवाळ्यात असाच पाळणा सुरू झाला आणि तो उभारताना जुन्या खाणीच्या खनिजवाहू रज्जुमार्गाचे सामान वापरले गेले. ज्या वाटेने चांदीचा दगड खाली उतरत असे, त्या डोंगरावर तेच सामान आता माणसांना वर नेऊ लागले.

पार्क सिटीत तर ह्याहून नवल घडले. तिथे खाणकंपनीनेच सरकारी कर्ज घेऊन १९६३ साली स्कीइंगचा धंदा काढला. काही वर्षे हौशी मंडळींना खाणीच्या आगगाडीत बसवून बोगद्यातून सुमारे तीन मैल डोंगराच्या पोटात नेत, आणि मग खाणकामगारांच्या पाळण्यातून शेकडो फूट वर काढून बर्फावर सोडीत. अंधारात, ओल्या बोगद्यात, पायांत खेळाचे बूट घालून बसलेली ती माणसे मी डोळ्यांपुढे आणतो. त्यांच्या बाकावर पूर्वी कोण बसत होते, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल?

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डोंगर विद्यापीठाला केवळ मौजेसाठी उपयोगी पडला असे नाही. ऑल्टात वर्षाला सरासरी पाचशे इंचांच्या आसपास बर्फ पडते, तेही हलके आणि कोरडे. १९४५ पासून वनखात्याच्या माँटी ॲटवॉटर ह्यांनी तिथे हिमलोटांचा अभ्यास केला. लोट आपोआप सुटण्याआधी सुरुंगाने आणि तोफेने तो पाडण्याची रीत तिथे रुळली. यूटा विद्यापीठात आज हवामानशास्त्राचा मोठा विभाग आहे आणि बर्फ कसे आणि का पडते ह्याचा अभ्यास तिथे चालतो. हेच बर्फ उन्हाळ्यात वितळून सॉल्ट लेकच्या नळाला येते. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन विद्यापीठाच्याच क्रीडांगणावर झाले आणि खेळाडूंचे गाव फोर्ट डग्लसच्या आवारात वसले. जिथे शिपाई राहत होते तिथे खेळाडू राहिले, आणि पुढे विद्यार्थी.

पण डोंगरावरचा झगडा संपला असे मात्र कोणी समजू नये. २०२४ च्या २७ डिसेंबरला, ऐन नाताळच्या हंगामात, पार्क सिटीच्या बर्फावरचे रखवालदार संपावर गेले. हिमलोट पाडणारे, जखमींना उतारावरून खाली आणणारे हे सुमारे दोनशे लोक. सुरुवातीचा पगार तासाला २१ डॉलर होता, तो २३ करा, ही त्यांची एक मुख्य मागणी. त्याच हंगामात डोंगरावरच्या एका दिवसाच्या तिकिटाचा खिडकीवरचा दर गर्दीच्या दिवशी ३०० डॉलरच्या वर गेला होता. म्हणजे जो तुम्हाला वाचवायला येतो, त्याला स्वतः एक दिवस खेळायचे तर चौदा तासांहून जास्त वेळाची कमाई मोजावी लागेल, असा तो हिशेब. रांगा लांबल्या, उतार बंद राहिले. १३ दिवसांनी, २०२५ च्या ८ जानेवारीला, समझोता झाला आणि ती दोन डॉलरची वाढ मिळाली. डेली-वेस्टच्या स्फोटानंतर सव्वाशे वर्षे होत आली. डोंगर तोच आहे आणि मागणीपत्रही अजून लिहिले जाते.

मित्रहो, हे सगळे वाचून झाल्यावर मी त्या सभासदाला बोलावले. मुलीलाही घेऊन ये म्हटले. मी त्याला म्हणालो, “मुलीची ओळ खोडू नकोस. आपले वाडवडील आठ तास मागत होते ते केवळ झोपायला नव्हे. उरलेल्या वेळात आपल्या पोरांनी पुस्तक वाचावे, डोंगर पाहावा, म्हणूनच ना? साहेबाचा मुलगा बर्फावर खेळला तर शिक्षण, आणि कामगाराची मुलगी खेळली तर चैन, हा हिशेब मला मान्य नाही. मात्र कर्ज तुझे आहे. तेव्हा ती ओळ पहिली नको, शेवटचीच बरी. आणि तिने ती शेवटीच लिहिली आहे, हे तू पाहिलेस का?”

तो गप्प राहिला. मग मी मुलीकडे वळलो. “बाळ, तू जा. पण पहिल्यांदा त्या पाळण्यात बसशील तेव्हा तो फिरवणाऱ्या माणसाला विचार की तू कुठे राहतोस, आणि तुला ह्या गावात घर परवडते का. आणि काय सांगतो ते मला लिही.”

ती गेल्या ऑगस्टात गेली. जानेवारीत तिचे पत्र आले. त्या माणसाने सांगितले होते की, तो दुसऱ्या गावात राहतो आणि रोज पहाटे बसने वर येतो. पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते : “काका, मी दोनदा पडले. त्यानेच उचलले.”

ते पत्र आता आमच्या कचेरीच्या फळ्यावर लावलेले आहे. तिचे वडील पाळी सुटली की येतात आणि काही न बोलता ते वाचून जातात.