तक्त्यातली शेवटची ओळ

३० एप्रिल २०१७ हा आय-लीगच्या हंगामाचा शेवटचा दिवस. शिलाँगच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ऐजॉल एफसीला विजेतेपदासाठी फक्त बरोबरी हवी होती. नवव्या मिनिटालाच दिपांडा डिकाने शिलाँग लाजाँगला आघाडी मिळवून दिली. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने ती फेडली आणि सामना १-१ असा सुटला. तिकडे कोलकात्यात मोहन बागानने चेन्नई सिटीला २-१ असे हरवले, पण एक गुण कमीच पडला. ऐजॉल ३७, बागान ३६. मिझोरामच्या राजधानीतला क्लब देशाचा विजेता झाला.

त्याच गुणतक्त्याची शेवटची, दहावी ओळ मुंबई एफसीची आहे. सलग नऊ हंगाम पहिल्या श्रेणीत काढलेला हा क्लब त्या हंगामात खालच्या श्रेणीत गेला आणि पुन्हा कधी मैदानात उतरलाच नाही. तक्त्याच्या या दोन टोकांना जोडणारा एक माणूस आहे : खालिद जमील. २००९ पासून २०१६ पर्यंत ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. मोजक्या पैशात संघ बांधायचा आणि दरवर्षी घसरण टाळायची, हे काम त्यांनी नेटाने केले. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला आणि ते ऐजॉलला गेले. मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही त्या हंगामात ऐजॉलच्या संघात होते. म्हणजे मुंबईत घडलेले कसब त्या वर्षी तक्त्याच्या शिखरावर होते, आणि ज्या क्लबात ते घडले तो तळाला.

या हंगामाचा इतिहास मांडायला हाताशी चार प्रकारचे कागद आहेत : गुणतक्ते, स्पर्धेचे आणि परवान्याचे नियम, करार व माघारीच्या घोषणा, आणि खेळाडू-प्रशिक्षकांच्या कारकिर्दीच्या नोंदी. यातला एकेक कागद सुटा वाचला तर फसवतो. तक्ता म्हणतो, संघ हरला म्हणून खाली गेला. नियम म्हणतात, अमुक संघ शेवटचा आला तरी खाली जाणार नाही. घोषणा म्हणतात, कंपनीचे धोरण बदलले. चारही शेजारी ठेवले की महाराष्ट्राच्या फुटबॉलचे दुखणे नेमके कुठे आहे ते दिसू लागते.

आधी तक्ते आणि नियम एकत्र वाचू. २०१४-१५ च्या हंगामात अकरा संघ होते. शेवटी आला पुण्याचा भारत एफसी. कल्याणी समूहाचा हा क्लब त्याच वर्षी थेट प्रवेशाने आला होता, आणि थेट प्रवेश घेणाऱ्या संघाला सुरुवातीला घसरणीतून सूट होती. त्यामुळे भारत एफसीच्या वाटची घसरण वरच्या संघाच्या गळ्यात पडली. हा वरचा संघ होता गोव्याचा डेम्पो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. पुढच्या वर्षी, २०१५-१६ मध्ये, नऊ संघ होते. शेवटी आला पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स. त्यालाही थेट प्रवेशामुळे सूट होती, म्हणून आठव्या क्रमांकावरचा ऐजॉल खाली गेला.

आता या चार क्लबांचे पुढे काय झाले ते पाहावे. डेम्पो दुसऱ्या श्रेणीत गेला, ती स्पर्धा जिंकून वर्षभरात परत वर येण्याचा हक्क त्याने मिळवला. ऐजॉलची घसरण झाली खरी, पण डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही गोमंतकीय क्लबांनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रस्तावित नव्या रचनेचा (तिच्याविषयी पुढे) निषेध करून माघार घेतली, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐजॉलला परत बोलावले गेले. पुढच्याच वर्षी तो विजेता ठरला. म्हणजे मैदानावर हरून खाली गेलेले दोन्ही क्लब उभे राहिले. नियमाने वाचवलेल्या दोन क्लबांपैकी भारत एफसी एकाच हंगामानंतर, २०१५ मध्ये, बंद झाला. डीएसके शिवाजियन्सने आणखी एक हंगाम काढला आणि २०१७-१८ च्या स्पर्धेत त्याचे नाव नव्हते. नियमाने त्यांना तक्त्यापासून वाचवले. मालकाच्या जमाखर्चापासून वाचवणारा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता.

डीएसकेची गोष्ट आर्थिक अडचणीच्या दृष्टीने सर्वांत ठळक आहे. शिवाजियन्स हा पुण्यातला जुना क्लब. बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहाने त्याला आपले नाव आणि पैसा दिला, इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबशी करार करून निवासी अकादमी काढली. बालेवाडीत सामने होऊ लागले. पण गृहप्रकल्प अडकले, ठेवीदारांचे पैसे थकले. २०१७ च्या अखेरीस ठेवीदारांच्या तक्रारींवरून पुण्यात फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कुलकर्णी यांना अटक झाली. क्लबचे सगळे उत्पन्न ज्या एका झऱ्यातून येत होते, तोच आटला होता. प्रशिक्षक बदलून, परदेशी खेळाडू आणून ही अडचण सुटणारी नव्हती.

मुंबई एफसीची घडण वेगळी असली तरी पाया तोच. २००७ मध्ये एस्सेल समूहाच्या पाठबळावर क्लब निघाला. इंग्रज प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्या हाताखाली दुसरी श्रेणी जिंकून २००८ मध्ये तो पहिल्या श्रेणीत आला. घरचे मैदान मंत्रालयाजवळचे कूपरेज. त्याचे नूतनीकरण चालू असताना संघाला घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. ज्या शहराचे नाव छातीवर, त्या शहरात खेळायला मैदान नाही, अशा अवस्थेत प्रेक्षक जोडायचा कसा? त्यातच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि त्याच शहरात मुंबई सिटी हा चित्रपट ताऱ्याच्या सहमालकीचा, झगमगाटातला दुसरा संघ आला. प्रेक्षक, प्रायोजक आणि वर्तमानपत्रांतली जागा तिकडे वळली.

या वळणामागचा मूळ कागद डिसेंबर २०१० चा आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांचा करार केला आणि भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क त्या कंपनीकडे गेले. सुपर लीग याच करारातून जन्मली. आय-लीगच्या क्लबांना मात्र प्रक्षेपणातून तग धरण्याइतका वाटा मिळत नव्हता आणि तिकीटविक्री नावापुरती होती. २०१६ च्या उन्हाळ्यात महासंघाने नव्या रचनेचा प्रस्ताव मांडला : सुपर लीग सर्वांत वर, आय-लीग तिच्याखाली, आणि दोन्हींमध्ये चढण्या-उतरण्याची वाट नाही. २०१६-१७ चा हंगाम सुरू होताना प्रत्येक मालकाला हे माहीत होते की लीग जिंकली तरी वर जाता येणार नाही. अशा वेळी वार्षिक खर्चाच्या फायलीवर सही करणाऱ्याचा हात आखडला, तर त्यात आश्चर्य नाही.

त्या हंगामासाठी मुंबई एफसीने संतोष कश्यप यांना प्रशिक्षक नेमले. हंगाम मध्यावर असताना त्यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. तरीही संघ तळातून वर सरकला नाही. या पराभवाला खेळाची कारणे नक्कीच होती. अनुभवी प्रशिक्षक गेला, ओळखीचे खेळाडू गेले, नवी घडी बसण्याआधीच मोडली. तक्त्यातली शेवटची ओळ संघाने आपल्या खेळानेच मिळवली. पण शेवटचा येणे आणि संपणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर मुंबईत एका उन्हाळ्यात मिटले. दुसऱ्या श्रेणीत खेळण्याचा हक्क क्लबला होता. तो वापरलाच गेला नाही.

आता चौथ्या प्रकारचा कागद, कारकिर्दीच्या नोंदी. संतोष कश्यप महिंद्र युनायटेडकडून खेळले. तो क्लब २०१० मध्ये बंद झाला. पुढे त्यांनी एअर इंडियाला शिकवले. तो संघ २०१३ मध्ये लीगबाहेर गेला. मेघालयातील रंगदाजिएद युनायटेडला शिकवले. त्या क्लबला २०१४ मध्ये परवाना मिळाला नाही. रॉयल वाहिंगडोहला २०१४-१५ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर नेले, आणि त्या क्लबने माघार घेतली. पुढे मुंबई एफसी. डेरिक परेरा यांची नोंद अशीच आहे. महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकून दिली, मग पुणे एफसीला उभे केले, मग डीएसके शिवाजियन्स सांभाळला. महाराष्ट्रातले हे तिन्ही क्लब आज नाहीत. खालिद जमील खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाचे, प्रशिक्षक म्हणून मुंबई एफसीचे. तेही तिन्ही गेले. हे तिघेही आपापल्या कामात पक्के होते. जमील तर ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. माणसे टिकली, संस्था टिकल्या नाहीत, हा या नोंदींचा सरळ अर्थ आहे.

प्रत्येक क्लबचा शेवट वेगळ्या कारणाने झाला, हेही नीट सांगायला हवे. महिंद्र युनायटेड संकटात नव्हता. कंपनीने व्यावसायिक संघाऐवजी शालेय फुटबॉलकडे वळायचे ठरवले आणि जिंकत असलेला क्लब मिटवला. एअर इंडियाचे प्रकरण परवान्याचे. आशियाई महासंघाच्या निकषांचे पाच भाग आहेत : क्रीडाविषयक, पायाभूत सोयी, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक. क्लब स्वतंत्र कायदेशीर संस्था हवा, त्याचे लेखापरीक्षित हिशेब हवेत, खेळाडूंची देणी थकलेली नसावीत, वयोगटांचे संघ हवेत. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे आपापल्या कंपनीच्या क्रीडा विभागाचे संघ होते, त्यांना ही चौकट बसली नाही. पुणे एफसीने २००९-१० मध्ये पहिल्याच हंगामात तिसरा आणि २०१२-१३ मध्ये दुसरा क्रमांक मिळवला, अकादमीचे नाव देशभर झाले, तरी अशोक पिरामल समूहाने २०१५ मध्ये हात काढून घेतला. अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. तो सुपर लीगमधला संघ, त्यामागे वाधवान समूह. समूहाची डीएचएफएल ही वित्तसंस्था संकटात सापडली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्याची जागा हैदराबादने घेतली.

दहा वर्षांत एकामागून एक क्लब गेले. कारणे वेगवेगळी असली तरी रचना एकच आहे : क्लब एका मालकाच्या मर्जीवर आणि एकाच खात्यावर उभा. ऐजॉलमागे शहर होते, डेम्पोमागे अनेक दशकांचा इतिहास आणि गोव्याची स्थानिक लीग होती. पडल्यावर पाय टेकायला खाली जमीन होती. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक क्लबांना वरून पैसा होता, खाली जमीन नव्हती. घसरण ही फुटबॉलमध्ये शिक्षा मानली जाते. खरे तर ती एक सोय आहे. हरलेल्या क्लबला मरू न देता खालच्या पायरीवर पुन्हा उभे करणारी. खालची पायरीच नसेल, तर हरणे म्हणजे संपणे.

परभणीसारख्या जिल्ह्यातल्या वाचकाला हा मुंबई-पुण्याचा प्रश्न वाटू शकेल. तसे नाही. ज्या वर्षी राज्याचे दोन्ही आय-लीग क्लब गेले, त्याच २०१७ च्या १५ सप्टेंबरला ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ झाले. १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने एका दिवशी राज्यभर दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा, असा तो सरकारी उपक्रम. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांना चेंडू वाटले गेले. ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन आणि माली यांच्यात उपांत्य सामना झाला. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पण कोल्हापूरला तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम आहे, वर्षानुवर्षांचा प्रेक्षक आहे. परभणी, जिंतूर किंवा गंगाखेडच्या ज्या मुलीच्या पायाशी त्या दिवशी चेंडू आला, तिने दुसऱ्या दिवशी कुठे जायचे? देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठणाऱ्या मुलाने कोणत्या क्लबाचे दार ठोठावायचे? चेंडू जिल्ह्यापर्यंत पोचला. जिल्ह्यापासून देशापर्यंतच्या मधल्या पायऱ्या त्याच वर्षी निखळल्या होत्या.

त्यानंतर काही बदलले आहे. मुंबईचा केंकरे एफसी आय-लीगपर्यंत पोचला आणि २०२२-२३ मध्ये मैदानावर हरून खाली गेला. २०२३ पासून आय-लीगची तिसरी पातळीही सुरू झाली. हरलेल्या क्लबला उतरायला आता पायरी आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण ती पायरी टिकायची तर क्लबांची मालकी अनेकांत वाटली गेली पाहिजे, ताळेबंद सभासदांपुढे उघडे हवेत, आणि मालकाने हात काढून घेताना अकादमीतल्या मुलांच्या दोन वर्षांच्या खर्चाची हमी आधीच जमा असली पाहिजे. परवान्याच्या पाच निकषांत ही सहावी अट घालायला महासंघाला कोणी अडवलेले नाही. ती २०१० मध्येच असती, तर मुंबई एफसी २०१७ साली दुसऱ्या श्रेणीत खेळला असता. हरलेला, पण जिवंत.