दिव्याखालचा अंधार

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे चित्र आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात पाहिले आहे. रात्रीची वेळ, हाती दिवा, दोन्ही बाजूंना जखमी सैनिक. क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये ती ३८ स्त्रियांसह इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचली. पाठ्यपुस्तक तेथेच थांबते. पुढच्याच मे महिन्यात ती तापाने मरणाच्या दारी जाऊन आली आणि मायदेशी परतल्यावर १८५७ पासून कित्येक वर्षे बहुतांशी अंथरुणालाच खिळून राहिली, हे आपण मुलांना सांगत नाही. त्यामागे ब्रुसेलोसिस हा रोग असावा, असा तर्क १९९५ साली मांडला गेला. तेव्हा सारा दोष श्रमांच्या माथी मारता येणार नाही. पण दिवा पाहावा आणि तो धरणारा हात पाहू नये, ही आपली खोड मात्र तेव्हापासूनची आहे.

‘सेवा’ हा शब्द मोठा सोयीचा! एखाद्या कामाला सेवा म्हटले, की पगार, पाळी, झोप यांविषयी बोलणे हलके ठरते. (आम्हा शिक्षकांना याचा थोडा अनुभव आहे, पण आमच्या डुलकीने कोणी दगावत नाही.)

आपल्या देशात हा हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला तो सर जोसेफ भोर यांच्या समितीने. भोर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. १९४६ च्या त्यांच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका होत्या सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. सुईणी ५,०००, म्हणजे ६०,००० लोकांमागे एक. विलायतेत तेव्हा ३०० लोकांमागे एक परिचारिका होती. आकडे नुसते वाचून सोडू नयेत. समजा, रात्रपाळीला एका सिस्टरकडे साठ खाटा आहेत. म्हणजे तासाभरात एका रुग्णाच्या वाट्याला एक मिनिट आले. त्यातच सलाईन, इंजेक्शन, नोंदवही आणि नातेवाइकांची बोलणी.

या थकव्याला नाव मिळायला १९७४ साल उजाडले. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था पाहून ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. मराठीत आपण ‘वात जळणे’ म्हणू या. तेल असेतो तेल जळते, ते संपले की वातच जळू लागते. १९८१ साली ख्रिस्तिना मास्लॅक यांनी सहकाऱ्यासह त्याचे माप ठरवले. मन रिते होणे हे त्यातले एक लक्षण. समोरचा रुग्ण माणूस न वाटता नुसती ‘बारा नंबरची खाट’ वाटू लागणे हे दुसरे. आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना तिसरे. वॉर्डात खेकसणाऱ्या सिस्टरचा स्वभावच वाईट, असे आपण घरी येऊन सांगतो, त्यापूर्वी हे दुसरे लक्षण आठवावे.

स्वभावाचा प्रश्न किती आणि संख्येचा किती, हे २००२ साली लिंडा एकेन यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांत तपासले. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की तिची वात जळण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढे आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची ७ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्येच याविषयी कायदा केला होता. २००४ पासून तो अमलात आला. आपल्या नर्सिंग कौन्सिलचेही मापदंड आहेत : शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक. आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात वाचकांनी एकदा खाटा मोजाव्यात.

नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षे झाली म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि सुईणींचे वर्ष ठरवले होते. त्याच वर्षी करोना आला. २२ मार्चला सायंकाळी पाच वाजता आपण गच्चीवर उभे राहून थाळ्या वाजवल्या. रात्रपाळीच्या सिस्टर त्या वेळी ड्यूटीवर निघायच्या तयारीत असतील.